लाइन साफ होती

भुकूमला राहायला आलो तेव्हा आमची मुलगी दहा महिन्यांची होती. नवरा मोटारसायकलवरून हिंजवडीला जायचा. मी कोथरूडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि बाळंतपणानंतर कंपनीने मला घरून काम करायची परवानगी दिली होती. २००२ सालची ही गोष्ट. तेव्हा 'घरी बसून काम करते' म्हटलं की लोकांना शिवणकाम किंवा पापड डोळ्यांसमोर यायचे. आमच्या बारा जणांच्या कंपनीत अशी सवलत मिळालेली मी पहिलीच. ती देताना साहेब म्हणाले होते, "तीन महिने बघू. काम वेळेवर आलं तर पुढे."

काम जायचं टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम नावाचा एक डबा त्या तारेला जोडायचा. तो इंटरनेटवाल्यांचा नंबर फिरवायचा, पलीकडच्या मोडेमशी शिट्ट्या घालत, खरखर करत काहीतरी बोलायचा आणि दोघांचं जुळलं की डब्यावरचा एक लाल दिवा पेटून राहायचा. दिवा आहे तोवर इंटरनेट आहे. मुलगी दुपारी जेवून झोपली की मी दिवसभराचं काम पाठवायला बसायचे. फाइल मोठी असली तर पाऊण तास लागायचा.

माझ्या संगणकावर लिनक्स होतं. कंपनीचं सगळं काम लिनक्सवरच चालायचं, पण घरीही तेच वापरणाऱ्या बायका मला तरी दुसऱ्या माहीत नव्हत्या. मोडेमने नंबर कसा फिरवायचा, किती वेळ थांबायचं, हे सगळं मी स्वतःच्या हाताने फाइलीत लिहून ठेवलं होतं आणि मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं जे झालं ते त्या गर्वातूनच झालं.

भुकूमला फोन लागला आणि दुसऱ्याच दिवसापासून कनेक्शन तुटायला लागलं. कधी दहा मिनिटांनी, कधी पंचवीस. दिवा विझायचा, फाइल अर्धवट राहायची, पुन्हा नंबर, पुन्हा शिट्ट्या. कोथरूडला आम्ही दोन वर्षं हाच संगणक आणि हाच मोडेम वापरला होता, तिथे असं कधी झालं नव्हतं. मग काय बदललं? लाइन बदलली. कोथरूडला तार जमिनीखालून यायची. इथे ती खांबाखांबावरून, बाभळी आणि आंब्यांच्या फांद्यांना घासत यायची. दोष कुठे आहे हे मला इतकं स्वच्छ दिसत होतं की दुसरीकडे बघावंसंही वाटलं नाही.

तक्रार केल्यावर लाइनमन आला. चाळिशीचा, सडपातळ माणूस, सायकलवर शिडी आडवी बांधलेली. गावातलाच होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो अकरा वर्षं रोजंदारीवर होता आणि यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव जाणार होतं, हे त्यानेच पहिल्या दिवशी पाणी पिता पिता सांगितलं. मी मूळची वाशीमकडची. आमच्याकडे कोणालाही भाऊ म्हणतात, तशी मी त्याला भाऊ म्हणायला लागले. तो मला ताई म्हणायचा.

पहिल्या खेपेला त्याने खांबापासून घरापर्यंतची तार बदलली. दुसऱ्या खेपेला खांबावरची पेटी उघडून सगळे जोड घासूनपुसून काढले. कनेक्शन तुटायचं ते तुटतच राहिलं. तिसऱ्या खेपेला तो स्वतःहूनच आला, बोलावलं नव्हतं तरी.

"ताई, आज तुमी तुमचं यंत्र लावा. मी हितं बसून आयकतो."

त्याच्याकडे एक फोन होता, नुसता रिसीव्हरच, खाली दोन चिमटे लावलेला. भिंतीवरच्या डबीत ते चिमटे अडकवले की लाइनवर काय चाललंय ते काहीही न बिघडवता ऐकू यायचं. मी फाइल पाठवायला लावली. तो फरशीवर मांडी घालून बसला, रिसीव्हर कानाला, नजर मोडेमच्या दिव्यावर. ती खरखर आपण दोन मिनिटंही ऐकू शकत नाही. तो अर्धा तास ऐकत बसला. मुलगी जागी होऊन रांगत त्याच्याजवळ गेली तेव्हा तिला त्याने एका हाताने मांडीवर घेतलं, पण कानावरचा रिसीव्हर हलवला नाही.

दिवा विझला.

"आत्ता," तो म्हणाला. "दिवा इझायच्या आदी माज्या कानात नुसतं टक् झालं. एवढंच. टक् झालं आन् लगीच आवाज परत आला व्हता, पर तवर तुमच्या डब्यानं फोन ठेवला."

"म्हणजे लाइन तुटली ना?"

"न्हाई ताई. टक् म्हंजी तुटनं न्हवं. वारं आलं, तार हालली, का एवढं टक् हुतंच. समद्यांच्या लाइनवर हुतं. मानसं बोलत असली तर त्यांना कळत बी न्हाई. लाइन साफ हाय. तुमच्या डब्यातच कायतरी हाय बगा."

मला राग आला. खरं तर त्याने ज्या साधेपणाने सांगितलं त्याचाच राग आला. मी त्याला पडद्यावर नोंदी दाखवल्या. लिनक्समध्ये काय घडलं ते आपोआप टिपलं जातं आणि प्रत्येक वेळी तिथे एकच इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ: मोडेमने फोन ठेवला. मी ती वाचायचे आणि मनात म्हणायचे, लाइन तुटली. तो जे कानाने ऐकून सांगत होता तेच माझ्या संगणकाने माझ्यासमोर लिहून ठेवलं होतं, आणि मी त्याला म्हणाले,

"भाऊ, हे लिनक्स आहे. ते तुम्हाला नाही कळणार."

त्याने रिसीव्हर खाली ठेवला. चिमटे काढले, वायरीची गुंडाळी केली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

मार्चमध्ये एका गुरुवारी दुपारी कंपनीचं महत्त्वाचं काम जायचं होतं. गिऱ्हाईक साहेबांच्या समोर येऊन बसलं होतं. फाइल चार वेळा अर्ध्यावर तुटली. पाचव्यांदा लावली तेव्हा साहेबांचा फोन येईना, कारण लाइन माझ्याच मोडेमने अडवलेली. शेवटी तेही तुटल्यावर घंटी वाजली. साहेब ओरडले नाहीत. म्हणाले, "तुमचं घर लांब पडतंय असं दिसतंय." मला कळायचं ते कळलं. तीन महिने संपायला तीन आठवडे उरले होते.

"सर, इथला लाइनमन नीट काम करत नाही," मी म्हणाले. "मी लेखी तक्रार करते आहे."

असं बोलून गेले आणि मग ते खरं करणं भाग झालं. दुसऱ्या दिवशी मुलीला कडेवर घेऊन मी एक्स्चेंजमध्ये गेले. अर्ज छान लिहिला होता. 'वारंवार सांगूनही', 'तांत्रिक ज्ञानाचा अभाव', 'टाळाटाळ' असे शब्द त्यात होते. सोबत माझ्या नोंदींची नऊ पानं छापून जोडली होती, प्रत्येक तुटण्याखाली लाल रेघ. तिथल्या अधिकाऱ्यांना त्यातलं अक्षरही कळलं नसावं, पण कागद बघून ते सावरून बसले. माझं शिक्षण विचारलं, कंपनी विचारली. लाइनमन कोण ते विचारलं. मी सांगितलं.

"अच्छा, तो," ते म्हणाले. "त्यांचं असंच असतं, मॅडम. काम नको, कायम करा तेवढं हवं."

'त्यांचं' म्हणजे कोणाचं, हे मी विचारलं नाही. मला ते कळलं नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मला कळलं, मला ते ऐकायला आवडलं नाही आणि मी गप्प बसले, कारण त्या क्षणी ते माझ्या बाजूने बोलत होते.

आठ दिवसांत नवा लाइनमन आला. त्याने खांबावर चढून काहीतरी केल्यासारखं केलं आणि उतरला.

"आधीचे भाऊ कुठे आहेत?" मी विचारलं.

"त्यांना काढलं ना. तुमच्याच अर्जावर."

मला वाटलं होतं, फार तर दुसऱ्या गावाकडे टाकतील. पण तो गेल्यावर मी स्वतःला समजावलं की चूक त्याची होती, मी फक्त सांगितली.

त्याच आठवड्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि माझ्या मोडेमला वीज देणारा ॲडॉप्टर जळला. नवा मिळेपर्यंत कंपनीतल्या एका मैत्रिणीने तिचा मोडेम दिला. तो वेगळ्या जातीचा होता. माझी सूचनांची जुनी फाइल त्याला चालेल की नाही म्हणून मी नवी फाइल बनवली, घाईघाईत, अगदी साधी, जसं पुस्तकात दिलंय तसं. फाइल पाठवायला लावली. दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. चाळीस मिनिटं. एक तास. मी उठून भात लावला, परत आले, दिवा होताच. दुसऱ्या दिवशीही तेच.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते. मला विजय झाल्यासारखं वाटलं. माणूस बदलला आणि लाइन सुधारली, याहून स्वच्छ पुरावा कोणता! मी एक्स्चेंजला फोन लावला.

"सर, आभार मानायला फोन केला. लाइन आता एकदम छान चालते आहे."

"वा," अधिकारी म्हणाले. "म्हणजे आमचा निर्णय बरोबर ठरला. मॅडम, हे दोन ओळींत लिहून पाठवाल का? फाइलला लावतो."

मी त्याच दुपारी लिहिलं. नव्या लाइनमनच्या हाती पाठवून दिलं.

चार दिवसांनी ॲडॉप्टर मिळाला. मैत्रिणीचा मोडेम बाजूला काढून ठेवला, माझा लावला, जुनी फाइल परत जागेवर टाकली. अठराव्या मिनिटाला दिवा विझला.

मी पुन्हा लावला. बाविसाव्या मिनिटाला विझला.

लाइन तीच, खांब तेच, माणूस नवा. मी दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. फरक एकाच ओळीत होता. मोडेम सुरू होताना त्याला ज्या सूचना दिल्या जातात त्या ओळीत, मधेच, एस दहा बरोबर एक. मला ते काय आहे ते आठवेना. मोडेमचं माहितीपुस्तक कपाटात वरती, हिवाळी कपड्यांच्या खाली होतं. विकत आणल्यापासून उघडलेलं नव्हतं. पान काढून वाचलं.

पलीकडचा आवाज गेला, तर किती वेळ वाट पाहून फोन ठेवायचा, हे ती सूचना ठरवत होती. कारखान्यातून मोडेम निघतो तेव्हा ती वेळ जवळपास दीड सेकंद असते. माझ्या फाइलीत ती सेकंदाचा दहावा भाग होती.

मग आठवलं. कोथरूडला पहिल्या महिन्यात कधीकधी पलीकडचा मोडेम मरून जायचा आणि माझा तसाच अडकून बसायचा. तेव्हा इंटरनेटवरच्या एका चर्चेत कोणीतरी ही ओळ सुचवली होती: हे टाका, मोडेम लगेच फोन ठेवील आणि पुन्हा लावील. मी उचलून चिकटवली होती. अर्थ बघितला नव्हता. जमिनीखालून येणाऱ्या तारेला वारा लागत नाही, म्हणून तिथे दोन वर्षं निभावलं. इथे वाऱ्याने तार हलली, टक् झालं, की माझा मोडेम फोन ठेवून मोकळा.

मी एकच्या जागी पन्नास लिहिलं. पाच सेकंद. मग खुर्चीत बसून राहिले. मुलगी झोळीत झोपली होती. दोन तास दिवा हलला नाही. फाइल केव्हाच जाऊन पोचली होती, तरी मी कनेक्शन तोडलं नाही, नुसती बघत बसले.

नवरा घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. तो सोफ्यावर बूट काढत होता. "पण ते रोजंदारीवालेच ना," तो म्हणाला. "ते काय, आज काढतात, उद्या घेतात. आता तू जाऊन सांगितलंस तर तुझीच फजिती. साहेबांना कळलं तर?" तो वाईट माणूस नाही. माझ्या मनात जे होतं तेच तो मोठ्याने बोलला, म्हणून मला बरं वाटलं. आणि मी गेले नाही. तीन महिने पूर्ण झाले, साहेबांनी सवलत चालू ठेवली. मी पेढेसुद्धा वाटले.

एप्रिलअखेर पौड रस्त्यावर, भूगावच्या अलीकडे, एका ठेकेदाराचं पाइपासाठी चर खणायचं काम चाललं होतं. मी मुलीला घेऊन जीपगाडीची वाट बघत उभी होते. चरात कमरेइतका उतरलेला एक माणूस वर बघून हसला. डोक्याला टॉवेल होता म्हणून मी आधी ओळखलं नाही.

"ताई! पोरगी चालाया लागली की!"

मी मान हलवली.

"लाइन बरी हाय ना आता?"

त्याच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अर्धा तास मांडी घालून ऐकत बसलेला माणूस होता तो, त्याला ते कोडं सुटलं की नाही हे हवं होतं. मला तिथेच सांगता आलं असतं. रस्त्यावर दोनच माणसं होती.

"हो," मी म्हणाले. "आता बरी आहे."

"बरं झालं," तो म्हणाला आणि कुदळ उचलली.

जीप आली, मी बसले. त्या 'हो'मधून त्याला एकच अर्थ मिळाला असणार, की दोष त्याचाच होता. मी घरापर्यंत तेच मोजत आले: अर्ज एक, आभाराचं पत्र दोन, हे 'हो' तीन. पहिलं अज्ञानाने केलं असं म्हणता येईल. तिसरं सगळं माहीत असून केलं.

दुसऱ्या दिवशी मी एक्स्चेंजमध्ये गेले. अधिकाऱ्यांनी हसून स्वागत केलं. मी सांगत गेले तसं ते हसू कमी होत गेलं.

"म्हणजे तुमचं म्हणणं, लाइन चांगली होती?"

"हो. दोष माझ्या संगणकात होता. त्यांनी मला तसं सांगितलंही होतं."

त्यांनी फाइल काढली. माझी नऊ पानं वर होती, लाल रेघांसकट, आणि त्याखाली माझं आभाराचं पत्र. ते त्यांनी माझ्यासमोर सरकवलं.

"हे तुमचंच अक्षर ना, मॅडम? माणूस बदलल्यापासून लाइन उत्तम आहे. आता मी वर काय कळवू? त्या बाईंनी आधी असं लिहिलं, मग तसं, आता अजून तिसरंच?"

"जे खरं आहे ते कळवा."

"द्या लिहून," ते म्हणाले. "लावतो फाइलला."

मी तिथेच बसून लिहिलं. या खेपेला 'टाळाटाळ' वगैरे शब्द नव्हते. काय घडलं ते सरळ लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी न वाचता ते फाइलीत ठेवलं.

तिथून मी त्याच्या घरी गेले. गावाच्या कडेला वस्ती होती, पत्र्याचं नीटनेटकं घर, पुढे सारवलेलं अंगण. दारात त्याची बायको हात धूत होती. ती जवळच्या रोपांच्या नर्सरीत कामाला जायची, नखांत अजून माती होती. तो आत जेवत होता, मला बघून ताट सरकवून उठला. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली त्याचा चिमट्यांचा फोन खिळ्याला टांगलेला. तो त्याचा स्वतःचा होता, खात्याचा नव्हता. मला ते तोपर्यंत माहीत नव्हतं.

मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. मोडेमला मी काय सूचना दिली होती, टक् झालं की तो का फोन ठेवायचा, ते सगळं. तो डोळे बारीक करून ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, "मंग आता किती टाकलं?" मी म्हणाले, पाच सेकंद. त्याने मान डोलावली, एखाद्या बरोबरच्या कारागिराला डोलवावी तशी.

"म्हंजी लाइन साफ व्हती?"

"साफ होती. तुम्ही म्हणाला होतात तसंच होतं."

तो बायकोकडे वळला. "आईकलंस का?"

तेव्हा मला कळलं की गेला महिना-दीड महिना या घरात काय बोलणं चाललं असेल. आपल्या माणसाने काम नीट केलं नाही, अकरा वर्षांनंतर अगदी तोंडाशी आलेलं घालवलं, असं तिला वाटलं असणार. पुराव्याला माझ्या सहीचा कागद होता.

"आईकलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "ह्ये तितं हापिसात सांगा की."

"सांगून आले. लिहून दिलं."

"मंग?"

"फाइलला लावतो म्हणाले."

"पयलं लिवलं तवा आठ दिसांत झालं," ती म्हणाली. "आता ह्याला किती दीस लागत्याल?"

तो मधे पडला, "आगं, ताई आपनहून आल्यात—"

"आल्यात ते दिसतंय मला." तिने पदराला हात पुसले. आवाज चढवला नाही. "ताई, तुमी लई शिकलेल्या. त्या यंत्राचं पुस्तक असंल ना? आदी वाचून बगायचं न्हाई व्हय?"

मी 'माझं चुकलं' म्हणाले. ती म्हणाली, "व्हय, चुकलंच," आणि आत गेली. त्याने मला रस्त्यापर्यंत सोडलं. वाटेत तो मोडेमबद्दलच विचारत होता: मग पलीकडचा खरंच मेला तर पाच सेकंदांत कळतं का, आणि पाचाच्या जागी दहा केले तर. मी सांगत होते आणि मनात म्हणत होते, याने एकदा तरी मला बोलावं.

त्यानंतर मी चार वेळा एक्स्चेंजमध्ये गेले. दोनदा अधिकारी भेटले नाहीत, मग त्यांची बदली झाली. नव्यांना फाइल सापडेना. पुढच्या वर्षी कायम होणाऱ्यांची यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. तिथल्या एका कारकुनाने मला सांगितलं की यादी फारच लहान होती, अर्ज नसता तरी त्याचं नाव आलंच असतं असं नाही. हे वाक्य मी फार वर्षं जपून ठेवलं. मन खायला उठलं की ते काढायचे. खरं असेलही ते. पण त्याच्या तोंडावर हे बोलायची हिंमत मला कधी झाली नाही, यावरून त्याची किंमत माझी मलाच कळत होती.

साहेबांना मात्र मी सांगितलं, त्याला आणखी वर्ष लागलं. ते हसले. "आमच्या सगळ्यांच्याच हातून होतं असं," म्हणाले आणि दुपारच्या चहात सगळ्यांना तो किस्सा सांगितला: आपल्या मॅडमनी एका आकड्यापायी अख्खं खातं हलवलं. सगळे हसले. मीही थोडी हसले. तेही मला आठवतं.

पुढे भुकूम सोडून आम्ही मारुंजीला सोसायटीत राहायला गेलो. मोडेम केव्हाच गेले, घरोघरी केबलचं इंटरनेट आलं. २००९ च्या सुमारास आमच्या इमारतीत नव्या केबल टाकायचं काम निघालं. कामावर देखरेख करायला ठेकेदाराचा माणूस आला तो तोच होता. केस पांढरे झाले होते, गळ्यात ओळखपत्र, हाताखाली चार माणसं. मला त्याने आधी ओळखलं.

"पोरगी कितवीत?"

"तिसरीत."

"आमच्या मंडळींनी आता सोताची नर्सरी काढलीया. लहानच हाय, पर हाय." त्याच्या आवाजात अभिमान होता. मग तो वाकून माझ्या घरातली केबल जोडायला लागला. तेवढ्या वेळात मी मनात वाक्यं जुळवत होते आणि तो उठल्यावर पुन्हा सुरू केलं, "भाऊ, त्या वेळी माझ्यामुळे तुमचं—"

"ताई," तो म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात थोडा वैताग होता. "तुमी सांगितलंत, मी आईकलं. आता तुमाला बरं वाटावं म्हनून मी किती येळा आयकू?"

मी थांबले. त्याने चहा घेतला नाही. वरच्या मजल्यावर माणसं खोळंबली होती. जिन्यातून त्याचा आवाज येत राहिला, कोणाला तरी तार कुठून वळवायची ते सांगताना.

संध्याकाळी नवरा घरी आल्यावर त्याने विचारलं, इंटरनेट चालू झालं का. मी म्हणाले, झालं. कोणी जोडून दिलं, ते मी सांगितलं नाही.